भांगेच्या धाग्याची सैल तुमान

पनवेलीचा पावसाळा ज्यांनी काढला आहे त्यांस अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांचा जाच निराळा सांगावयास नको. खाडीवरचे दमट वारे, दोन-दोन दिवस न वाळणारी वस्त्रे, आणि त्यांत घोट्याशी आवळलेली तंग विजार! तेव्हा एखाद्या घरच्या सुनेने भांगेच्या मऊ कापडाची, रुंद पायांची तुमान मागितली तर त्यात नवल नाही. पण आजीबाई विचारतात, “भांगेचे कापड देवघराशी चालेल का गं?”

आमच्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे मूळ बरेचसे नावांच्या घोटाळ्यात आहे. इंग्रजीने ‘हेंप’ हा शब्द तीन निरनिराळ्या झाडांस लाविला: ज्याच्या दोराची जाळी कोळी विणीत तो आपला ताग, जिची भाजी आपण आवडीने खातो ती अंबाडी, आणि खरी भांग. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मण ब्रह्मचाऱ्यास शणाचेच वस्त्र सांगितले आहे. तो शण ताग की भांग, ह्याचा वाद पंडितांनी खुशाल घालावा. शिवाय भांगेचा धागा खोडाच्या सालीचा, कैफ फुलोऱ्यात. १९८५ च्या कायद्यानेही गांजा म्हणून फुलोऱ्याचे शेंडेच धरले असून, धाग्यासाठी लागवडीस परवानगी देण्याची मुभा सरकारास ठेविली आहे.

आता कापडाविषयी. हा धागा मूळचा ताठर. धुण्याधुण्याने मऊ होतो. तारांच्या रुळांनी घासून कापडावर बारीक लव उठविली म्हणजे ते फलालिनीसारखे लागते. परंतु लवेत हवा कोंडते व ऊब येते, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही! पुण्याच्या थंडीत ती हवीशी. पनवेलीच्या मे महिन्यात मुळीच नको. म्हणून येथे पातळ विणीचे, अगदी हलके घासलेले कापडच घ्यावे. पुष्कळदा त्यात कापूस मिसळलेला असतो, त्यास हरकत नाही. कृत्रिम धागा मात्र घाम टिपीत नाही, तेव्हा चिठ्ठी वाचूनच पैसे मोजावे. बेतण्यापूर्वी कापड रात्रभर भिजवावे, नाहीतर पहिल्या धुण्यातच आखडेल. धुताना तुमान उलटी करावी, ओलसर असता कपाटात ठेवू नये.

आणि गुडघेदुखीमुळे ज्यांस नऊवारी आवरत नाही अशा वृद्ध स्त्रियांस हिचा उपयोग सुनेहून अधिक आहे. कमरेस रुंद नाडी घालून, घोट्याच्या चार बोटे वर अशी एक त्यांच्यासाठीही शिवावी.