बिनसंघाचा चाहता : नगरहून पाहिलेली आपली फुटबॉल लीग

‘तुमचा संघ कोणता?’ फुटबॉलच्या चाहत्याला भेटलेला दुसरा चाहता हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो. कोलकात्यातल्या माणसाला त्याचं उत्तर द्यायला क्षण लागत नाही. गोव्यात तर गावाचं नाव सांगितलं तरी पुष्कळदा उत्तर मिळून जातं. मी मात्र अडखळतो. मी नगरचा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीच्या रांगेत उभं राहिलं की तोंडात अजून ‘नगर’च येतं. आमच्या जिल्ह्याचा संघ देशाच्या लीगमध्ये कधी नव्हता. तरीही गेली बारा-तेरा वर्षं मी ही लीग पाहतो, तिच्या नोंदी ठेवतो. जवळ संघ नसताना माणूस लीगचा चाहता कसा होतो आणि त्यातून आपल्या खेळव्यवस्थेबद्दल काय कळतं, हे मांडण्यासाठी हा लेख.

आधी माझ्याविषयी थोडं. मी पोटापाण्यासाठी व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. मी फुटबॉलपटू नाही आणि क्रीडापत्रकारही नाही. लहानपणी भिंगारला छावणीच्या हद्दीत संध्याकाळी जवान फुटबॉल खेळत, ते आम्ही पोरं कुंपणाबाहेरून पाहायचो. चेंडू बाहेर आला की तो परत मारायला मिळावा म्हणून आमची झुंबड उडे. फुटबॉलशी माझी ओळख एवढीच. पुढचं शिक्षण वर्तमानपत्रांची कात्रणं, दूरचित्रवाणी आणि खतावणीची एक जाडजूड वही यांच्यावर झालं. धंद्याची सवय म्हणून प्रत्येक संघाला मी वहीत एकेक खातं उघडलं. त्या वहीनंच मला या लेखाचा विषय दिला.

स्पर्धा आणि लीग

आपल्याकडे फुटबॉल आला तो पलटणींबरोबर आणि रुजला तो स्पर्धांच्या रूपानं. ड्युरँड चषक १८८८चा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१चा. रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स ठरला, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी तो चषक नेला. कूपरेजवर गर्दी करणाऱ्या मुंबईकरांना देशभरचे संघ बघायला मिळत. पण चषक-स्पर्धेचा स्वभाव जत्रेसारखा असतो. ती येते, गाजते आणि उठून जाते. आपला संघ हरला की त्या वर्षापुरता विषय संपला.

लीगचं तसं नसतं. तिथे प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक. आज हरलात तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहावंच लागतं. चाहत्यालाही तेच करावं लागतं. पाठोपाठ चार सामने हरणाऱ्या संघाचा पाचवा सामना बघायला जो बसतो, तो चाहता. लीग त्याला घडवते, कारण ती त्याच्याकडून वेळ मागते. कोलकात्यात अशी लीग १८९८पासून आहे. देशपातळीवरची राष्ट्रीय लीग मात्र १९९६-९७ला सुरू झाली आणि तिचा पहिला विजेता फगवाड्याचा जेसीटी संघ होता. २००७मध्ये तिचीच ‘आय-लीग’ झाली आणि ऑक्टोबर २०१४मध्ये आठ संघांची ‘इंडियन सुपर लीग’ आली. पहिला हंगाम जेमतेम सव्वादोन महिन्यांचा होता. नामवंत परदेशी खेळाडू उतारवयात का होईना इथे खेळले : गोव्यात पिरेस, दिल्लीत देल पिएरो, मुंबईत अनेल्का, पुण्यात त्रेझेगे.

बालेवाडीचा रस्ता

माझी सुरुवात मात्र या झगमगाटाच्या थोडी आधीची. २०१२-१३च्या हंगामात एका कामासाठी पुण्याला गेलो असताना एका मित्रानं बालेवाडीला नेलं. पुणे एफसी हा संघ २००७चा. आय-लीगमधल्या पहिल्याच हंगामात, २००९-१०ला, त्यानं तिसरा क्रमांक मिळवला होता आणि मी गेलो त्या वर्षी तो चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. प्रेक्षक तुरळक होते, त्यामुळे खेळाडू एकमेकांना काय ओरडून सांगतात तेही ऐकू येई. संघात आराता इझुमी नावाचा मधल्या फळीतला खेळाडू होता. जन्म जपानमधला, वडिलांकडून भारतीय. भारताकडून खेळता यावं म्हणून त्यानं जपानचं नागरिकत्व सोडलं, नीळकंठ खंभोळजा हे नाव घेतलं आणि २०१३मध्ये तो भारतीय संघात आला. एवढं सोडून आलेला माणूस आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर खेळतो आणि आपल्याला पत्ता नाही, याची मला लाज वाटली. त्यानंतर सवड मिळेल तेव्हा माळीवाड्याहून शिवाजीनगरची एसटी धरू लागलो. परतीच्या गाडीत शिरूर ओलांडेपर्यंत वहीत नोंद झालेली असे.

२०१५मध्ये पुणे एफसी बंद झाला. मी वहीत त्या खात्याखाली रेघ मारली आणि नव्या लीगमधल्या एफसी पुणे सिटीचं पान उघडलं. नारिंगी-जांभळ्या रंगांच्या या संघाला २०१७-१८मध्ये पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठता आली. पुढच्याच वर्षी, २०१९च्या उन्हाळ्यानंतर, तोही संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. त्या हैदराबादनं मार्च २०२२मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून चषक जिंकला. लक्ष्मीकांत कट्टीमणी या गोव्याच्या गोलरक्षकानं तीन पेनल्ट्या अडवल्या. मी आनंदानं उठून उभा राहिलो आणि मग मनात आलं, आपण नेमके कुणाच्या विजयानं आनंदलो? पुढे २०२५मध्ये तो संघही हैदराबाद सोडून ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ या नावानं दिल्लीला गेला.

खतावणीत मारलेल्या रेघा

एखादा संघ बंद पडणं हा योगायोग म्हणता येईल. पण वही चाळताना जे दिसलं ते योगायोगापलीकडचं होतं. महाराष्ट्रातून देशाच्या लीगमध्ये खेळलेल्या संघांची ही मुख्य नावं पाहा. महिंद्र युनायटेड : २००५-०६चा राष्ट्रीय विजेता, २०१०ला बंद. एअर इंडिया : २०१२-१३नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. भारत एफसी : २०१४-१५चा एकच हंगाम. पुणे एफसी : २०१५ला बंद. डीएसके शिवाजियन्स : २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोनच हंगाम. मुंबई एफसी : २०१७ला खालच्या श्रेणीत घसरला आणि विसर्जित झाला. एफसी पुणे सिटी : २०१९. सर्वोच्च लीगमध्ये आज आपला एकटा मुंबई सिटी एफसी उरला आहे.

यात कुणाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. या संघांवर उद्योगसमूहांनी वर्षानुवर्षं खर्च केला, शेकडो मुलांना मैदान दिलं. प्रश्न रचनेचा आहे. जो संघ ताळेबंदातली खर्चाची बाब म्हणून जन्मतो, तो एक दिवस ताळेबंद बघूनच थांबवला जातो. प्रेक्षकाचं प्रेम कुठल्याच रकान्यात धरलेलं नसतं. हिशेब लिहिणारा म्हणून मला हे जास्त नीट समजतं, आणि म्हणूनच जास्त लागतं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ तालमींचे आहेत. त्यांच्यामागे पेठ आहे, गल्ली आहे, वर्गणी आहे. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला होणारी गर्दी बघून माझे डोळे विस्फारले होते. तिथे कुणी संघ ‘निवडत’ नाही, घराच्या पत्त्याबरोबर तो मिळतो. अशा हवेतून अनिकेत जाधवसारखा मुलगा २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळतो. दुसरं उदाहरण गोव्याच्या धेंपो क्लबचं. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या या क्लबनं २०१६मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. पण गोव्याच्या लीगमध्ये तो खेळत राहिला आणि २०२४-२५मध्ये आय-लीगमध्ये परतला. पाय टेकायला गावची जमीन असली की पडलेला संघ उठू शकतो. आपल्या पुण्या-मुंबईच्या संघांना ही जमीन तयार करायला जेवढा काळ हवा होता, तेवढा मिळालाच नाही.

संघ गेले, माणसं उरली

मग मी काय केलं? २०२०च्या नोव्हेंबरात, करोनाच्या धास्तीत, इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम गोव्यात बंद दाराआड खेळला गेला. फातोर्डा, बांबोळी, वास्को अशी तीन मैदानं, अकरा संघ, ११५ सामने. माझी कामं थंडावली होती. मी जवळजवळ रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसलो. सगळे संघ गोव्यातच होते, स्टँड रिकामे होते. म्हणजे घरचं मैदान कुणालाच नव्हतं. त्या वर्षी सगळी लीगच माझ्यासारखी, बिनगावाची झाली होती. साखळीच्या ११० सामन्यांनंतर मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे सारखेच, चाळीस-चाळीस गुण होते. शेवटच्या सामन्यात मुंबईनं बागानला २-०नं हरवलं आणि परस्परांतल्या सामन्यांच्या निकषावर अव्वल क्रमांकाची ढाल मिळवली. चार महिन्यांची बेरीज शेवटच्या नव्वद मिनिटांत जुळली. नोव्हेंबरातल्या एखाद्या कंटाळवाण्या बरोबरीलाही केवढा अर्थ होता, हे तेव्हा उमगलं. मी एका संघाचा नव्हे, अख्ख्या लीगचा चाहता झालो तो त्या रात्री.

वाचकांपैकी कुणाला या वाटेला यायचं असेल तर माझा अनुभव सांगतो. जवळ संघ नसेल तर एखाद्या माणसाचा माग धरा. मी खालिद जमील यांचा धरला. महिंद्र, एअर इंडिया, मुंबई एफसी या संघांतून ते खेळले आणि २००९ ते २०१६ मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तिथून ते मिझोरामच्या ऐझॉलला गेले. आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरलेला आणि काही क्लबांनी माघार घेतल्यामुळे पुन्हा आत आलेला हा डोंगरातला संघ. २०१६-१७मध्ये त्यांच्या हाताखाली तो देशाचा विजेता झाला. ऑगस्ट २०२५मध्ये जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. ज्या संघांनी त्यांना वाढवलं त्यांतला एकही आज राष्ट्रीय लीगमध्ये नाही, पण तिथलं शिक्षण त्यांच्याबरोबर चालत आलं. तसाच मुंबईचा बचावपटू राहुल भेके. मार्च २०१९च्या अंतिम सामन्यात, अंधेरीत, ११७व्या मिनिटाला डोक्यानं गोल मारून त्यानं बंगळुरूला विजेतेपद दिलं. एक मराठी नाव तुम्हाला बंगळुरूच्या संघाकडे घेऊन जातं, त्या संघाचे प्रतिस्पर्धी कळतात आणि हळूहळू सगळा गुणतक्ता ओळखीचा होतो.

कोरं पान

अंधेरीच्या त्याच मैदानावर जून २०१८मध्ये भारताच्या सामन्याला २,५६९ प्रेक्षक होते. सुनील छेत्रीनं हात जोडून लोकांना बोलावलं आणि पुढच्या सामन्याला स्टेडियम भरलं. त्याच्या आदल्या वर्षी, १५ सप्टेंबर २०१७ला, राज्य सरकारच्या ‘मिशन वन मिलियन’मध्ये राज्यातली लाखो मुलं एकाच दिवशी फुटबॉल खेळली होती. आमच्या घराजवळच्या शाळेतही त्या दिवशी चिखलात दंगा झाला होता. म्हणजे बोलावलं तर लोक येतात, चेंडू दिला तर मुलं खेळतात. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा असतो.

२०२५मध्ये तो दुसरा दिवसच अडला होता. लीगचे व्यापारी हक्क देणारा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५मध्ये संपणार होता. त्याचं पुढे काय, हे न ठरल्यामुळे जुलैमध्ये आयोजकांनी नवा हंगाम स्थगित ठेवला. एरवी गणपतीच्या सुमारास सुरू होणारी लीग दिवाळी आली तरी सुरू नव्हती. तोवर एकेक संघ जायचा, त्या वेळी टांगणीला लागली होती ती लीगच. हे नुकसान फक्त पगार थांबलेल्या खेळाडूंचं नव्हतं. चाहत्याची सवय मोडते, आणि मोडलेली सवय पुन्हा लागायला किती वर्षं जातात हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

वाडिया पार्कवर संध्याकाळी मुलं खेळतात, त्यांच्या अंगावर बार्सिलोना आणि माद्रिदचे टी-शर्ट असतात. त्यात वावगं काही नाही. ते क्लब शंभर वर्षांहून जुने आहेत, उद्या पान उघडलं तर सापडतील याची खात्री आहे. त्या दिवसांत त्यातल्या एकानं माझी वही पाहून विचारलं, “काका, आपली लीग कधी सुरू होणार?” त्यानं ‘आपली’ म्हटलं, हेच मला पुष्कळ वाटलं. त्याला सांगण्यासारखी तारीख माझ्यापाशी नव्हती. घरी येऊन मी २०२५-२६चं पान उघडलं. वर संघांची नावं लिहिली आणि सामने, गुण, गोल असे रकाने आखले. दिल्लीचं नाव तेवढं पेन्सिलीनं लिहिलं.