आनंद स्थविरांची पाचशे वस्त्रे

निसर्गरक्षण हा शब्द आज पाठ्यपुस्तकापासून शासकीय फलकापर्यंत सर्वत्र आढळतो. परंतु ‘कमी वापरा, जपून वापरा’ हा उपदेश आपल्या समाजाच्या कानी पडतो, तेव्हा एक रास्त शंका उभी राहते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरेसे मिळालेच नाही, त्यांना काटकसर कोणी आणि कशासाठी शिकवावी? प्रस्तुत लेखात आम्ही या शंकेचा विचार विनयपिटकातील एका प्रसंगाच्या आधारे करू इच्छितो.

चुल्लवग्गाच्या पंचसतिक खंधकात हा प्रसंग आला आहे. राजगृहातील पहिली संगीती आटोपल्यावर आनंद स्थविर नावेने कौशांबीस गेले आणि राजा उदेनच्या उद्यानाजवळ एका वृक्षाखाली बसले. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्यांच्याकडून धम्म ऐकला आणि प्रसन्न होऊन त्यांना पाचशे उत्तरासंग, म्हणजे अंगावर घ्यावयाची वस्त्रे, दान दिली. राजाला हे रुचले नाही. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण कापडाचा व्यापार करणार की दुकान मांडणार, असे म्हणत तो स्वतःच विचारावयास गेला.

आनंदांनी शांतपणे हिशेब दिला. ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत, त्यांना ही वस्त्रे वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या अंथरुणावरील चादरी होतील. जुन्या चादरींचे? गादीचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरची बिछायत. त्यानंतर पायपुसणी, त्यानंतर धूळ झाडण्याची फडकी; आणि फडकीही जीर्ण झाली म्हणजे ती कुटून, चिखलात मळून त्यांनी जमीन सारवली जाईल. राजाची खात्री पटली. त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या संवादातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, येथे हिशेब गरिबाकडे मागितलेला नाही. ज्याच्या हाती गरजेहून अधिक आले, त्याच्याकडे तो मागितला आहे. दुसरी गोष्ट क्रमाची होय. आनंदांच्या उत्तरात प्रथम वाटप येते, जपणूक नंतर. ज्याचे वस्त्र विरले आहे त्याला ते मिळाले पाहिजे. पुनर्वापराचा प्रश्न त्यानंतरचा. हा क्रम उलटला, म्हणजे काटकसर हे अन्यायाचे पांघरूण बनते.

आपल्याकडे तसे घडलेही आहे. मनुस्मृतीने चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे नेमून दिली होती. भिक्खूंचे पंसुकूल चीवरही उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्यांचे असे. कापड एकच, परंतु अर्थ अगदी निराळा. महावग्गात जीवकाने वस्त्रदान केल्यावर तथागतांनी स्पष्ट मोकळीक दिली की, ज्याची इच्छा असेल त्याने पंसुकूल वापरावे, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थांनी दिलेले चीवर घ्यावे. एके ठिकाणी सक्ती आहे, दुसऱ्या ठिकाणी निवड. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन केले ते या सक्तीचे दहन होते. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे, तथागतांनी दारिद्र्याचा गौरव केलेला नाही, आणि आवरावयाचा तो अमर्याद लोभ, हे त्यांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडले आहे.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी, बाबासाहेबांच्या संघर्षामुळे, कपाटे भरलेली आहेत. हे अभिमानाचेच आहे. परंतु म्हणूनच उदेनचा प्रश्न आता आपल्यालाही लागू होतो. एक किलो सुती कापड तयार होण्यास जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडते, असा पाण्याच्या वापराचा हिशेब मांडणाऱ्या अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वापरण्याजोगा सदरा फेकणे हे पाणीच फेकणे होय. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी ज्यांचे पूर्वज उभे राहिले, त्यांना पाण्याचे मोल अन्य कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

आनंदांच्या साखळीची शेवटची कडी मात्र आज तुटली आहे. त्यांचे कापड अखेरीस मातीत मिसळत होते. पॉलिस्टरचे वस्त्र तसे मिसळत नाही. त्याचे सूक्ष्म तंतू माती-पाण्यात साचून राहतात. जयंतीचे फ्लेक्स फलक आणि भोजनदानातील प्लॅस्टिकची पात्रे यांचीही तीच गत. उलट जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आपल्या आया-आज्या ही साखळी नकळत पाळत होत्या.

येथे महाकाश्यप स्थविरांचे स्मरण होते. पंसुकूल चीवर आयुष्यभर स्वेच्छेने वापरणारे हे स्थविर. थेरगाथेतील त्यांच्या गाथांत मेघवर्णी पर्वत आहेत, स्वच्छ शीतल जल आहे, हत्तींचे आणि मोरांचे आवाज आहेत, आणि इंद्रगोपांनी, म्हणजे आपल्याकडच्या तांबड्या मृगाच्या किड्यांनी, झाकलेली भूमी आहे. अशा ठिकाणी आपले मन रमते, असे ते सांगतात. ज्याची दृष्टी वस्तूंच्या संचयात अडकलेली नाही, त्यालाच पावसाळ्याच्या आरंभी मातीवर चालणारा एवढासा किडा दिसतो. निसर्गाची गोडी आणि अल्पेच्छता या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, असे आम्हांस वाटते.

म्हणून आमची उपासक-उपासिकांना एक नम्र सूचना आहे. चीवरदान असो, जयंती असो वा घरचे मंगलकार्य, खरेदीपूर्वी आनंदांच्या हिशेबातले तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. याची खरी गरज कोणाला आहे? हे जुने झाल्यावर याचे काय होईल? आणि शेवटी हे मातीत मिसळेल काय? फ्लेक्सऐवजी दरवर्षी वापरता येणारा कापडी फलक, पत्रावळी किंवा धुऊन ठेवता येणारी ताटे, आणि विहारात एक पेटी, जिच्यातील धडके कपडे निवडून, धुऊन, गरजूंना सन्मानाने दिले जातील. हे कोणत्याही विहारास परवडण्यासारखे आहे.

उदेन राजा रोष घेऊन गेला आणि आणखी पाचशे वस्त्रे देऊन परतला. ज्याचा हिशेब चोख, त्याच्या हाती विश्वासाने आणखी सोपविले जाते. या पृथ्वीचे पाणी, माती आणि अरण्ये पुढच्या पिढीच्या वतीने आपल्या हाती आहेत. ती पिढी हिशेब मागेल, तेव्हा आपल्यापाशी आनंदांसारखे उत्तर असले पाहिजे.