जिद्द, परिस्थिती आणि बुडालेले दुसरे सत्र

जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही, हे विधान दहावीच्या निकालानंतर दरवर्षी इतक्या ठामपणे केले जाते की त्याचा पुरावा मागणेही कोणाला सुचत नाही. शेतमजुराच्या मुलीने ९५ टक्के मिळवल्याची बातमी खरी असते आणि तिचे कौतुक योग्यच असते. मात्र त्याच वस्तीतील किती मुले दहावीपर्यंत पोहोचलीच नाहीत, हा आकडा त्या बातमीत कधीच नसतो. सामाजिक गतिशीलता, म्हणजे आईवडिलांच्या आर्थिक-सामाजिक स्तरातून मुलांचे वर किंवा खाली सरकणे, अपवादांवरून मोजता येत नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या अहवालातील अंदाजानुसार अल्प उत्पन्न गटातील कुटुंबाच्या वंशजांना सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचण्यास डेन्मार्कमध्ये २ पिढ्या लागतात, तर भारतात ७. भारतीय मुलांत जिद्द कमी असते, असे यावरून कोणी म्हणणार नसेल, तर कारण अन्यत्र शोधणे भाग आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांचे वर्ष पाहिले तरी ते कारण दिसते. शाळा जूनमध्ये भरते. पण मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. मूल बरोबर गेले की त्याचे जवळजवळ सगळे दुसरे सत्र बुडते. मोठी मुलगी असेल, तर आई फडात असताना कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्याला तीच सांभाळते. हजेरीपटावर नाव असल्याने ती पुढच्या वर्गात जाते, न शिकलेला भागाकार मात्र तसाच राहतो. गावातच राहण्या-जेवणाची सोय करणारे हंगामी वसतिगृह जेथे वेळेवर सुरू होते, तेथे हीच मुलगी शाळेत बसू शकते; तिच्या जिद्दीत त्यामुळे काही भर पडलेली नसते.

गरीब पालकांना शिक्षणाची किंमत नसते, हा समज कर्ज काढून शिकवणीची फी भरणाऱ्या कोणत्याही मजूर कुटुंबापुढे टिकत नाही. खासगी शाळेत घातले की प्रश्न सुटतो, असेही नाही: कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आंध्र प्रदेशातील सोडतीने खासगी शाळेत गेलेली मुले तेलुगू व गणितात इतरांच्या पुढे गेलेली आढळली नाहीत. शिक्षण तर मोफतच आहे, हे अर्धसत्य आहे, कारण २००९ च्या कायद्याने दिलेला हक्क ६ ते १४ वर्षे वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचाच आहे, आणि त्यानंतरच्या वयात मुलाच्या हाती कोयता देणे कर्जात अडकलेल्या घराला सर्वांत सोपे होते.