ज्येष्ठा देवी : लक्ष्मीची वडील बहीण

भाद्रपद महिन्यांत गणपति घरीं येऊन दोन-चार दिवस होतात न होतात, तोंच महाराष्ट्रांत घरोघरीं गौरींची लगबग सुरू होते. अनुराधा नक्षत्रावर त्यांचें आवाहन करावयाचें, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन करावयाचें व मूळ नक्षत्रावर त्यांस निरोप द्यावयाचा, हा क्रम ज्यांच्या घरीं गौरी येतात त्या लहान मुलांसही पाठ असतो. या गौरींस ‘ज्येष्ठा गौरी’ असें कां म्हणतात, असें विचारल्यास वडील मंडळी सांगतात कीं, त्यांची पूजा ज्येष्ठा नक्षत्रावर होते म्हणून. हें उत्तर बरोबर आहे. वृश्चिक राशींत जो तांबूस, ठळक तारा दिसतो, तीच ही ज्येष्ठा. परंतु याच नांवाची एक स्वतंत्र देवी एके काळीं आपल्या देशांत पूजिली जात असे. तिचीं देवळें होतीं, तिच्या पाषाणमूर्ति घडविल्या जात, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. त्या विस्मृत देवीचा परिचय करून देण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

ज्येष्ठा म्हणजे थोरली. कोणाची थोरली? तर साक्षात् लक्ष्मीची. धाकटीच्या पायांवर सारें जग डोकें ठेवितें आणि थोरलीचें नांव निघतांच लोक कानांवर हात ठेवितात. संस्कृतांत तिला अलक्ष्मी असेंही म्हणतात. तमिळ भाषेंत तिला ‘मूदेवी’, म्हणजे थोरली देवी, असें नांव आहे व तें तिकडे शिवीसारखें वापरलें जातें. आपल्या मराठींत तिचें नांव अक्काबाई. एखाद्याचें दैव फिरलें, घरांत दारिद्र्य शिरलें, म्हणजे त्याच्याकडे ‘अक्काबाईचा फेरा’ आला असें आपण म्हणतों. ज्येष्ठा, मूदेवी व अक्काबाई या तिन्ही नांवांत थोरलेपणाचाच अर्थ आहे. ज्या शब्दानें घरांतील वडील मुलीस मायेनें हांक मारावयाची, तोच शब्द दुर्दैवाचें नांव होऊन बसावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तिची कथा पुराणांत निरनिराळ्या प्रकारें आलेली आहे. देवदानवांनीं क्षीरसागराचें मंथन केलें, तेव्हां लक्ष्मीच्या आधीं ही बाहेर आली, म्हणून ती थोरली. पद्मपुराणांतील कार्तिकमाहात्म्यांत पुढील हकीकत सांगितली आहे. विष्णूनें लक्ष्मीस मागणी घातली, तेव्हां ती म्हणाली कीं, थोरली बहीण अविवाहित असतां धाकटीनें विवाह करणें योग्य नाहीं. आधीं तिचें लग्न करून द्यावें. मग विष्णूनें ज्येष्ठेस उद्दालक नांवाच्या ऋषीस दिलें. ऋषि तिला आश्रमांत घेऊन गेला. तेथें होमाचा धूर दरवळत होता व वेदघोष चालला होता. तो ऐकून ती व्याकुळ झाली व म्हणाली, असल्या ठिकाणीं माझ्यानें राहवणार नाहीं. उद्दालकानें तिला एका पिंपळाखालीं बसविलें, तुझ्याजोगी जागा पाहून येतों असें सांगितलें, आणि तो गेला तो परत आलाच नाहीं. बिचारी ज्येष्ठा वाट पाहून पाहून रडूं लागली. तें रडणें वैकुंठांत लक्ष्मीच्या कानीं पडलें. बहिणीचें दुःख तिला पाहवेना. तिच्या सांगण्यावरून विष्णु तेथें आले व त्यांनीं तो पिंपळच ज्येष्ठेस कायमचा राहावयास दिला. जे गृहस्थ प्रतिवर्षीं ज्येष्ठेची पूजा करितील, त्यांच्या घरीं तिची धाकटी बहीण स्थिर राहील, असा वरही त्यांनीं दिला. लक्ष्मी दर शनिवारीं बहिणीच्या भेटीस त्या पिंपळाकडे येते. म्हणून पिंपळाला शनिवारीं शिवावें, इतर वारीं शिवूं नये, असें सांगतात. गांवच्या पारावर शनिवारीं पाणी घालणाऱ्या कित्येक बायांस या प्रथेमागें दोघी बहिणींची भेट आहे, हें ठाऊकही नसेल.

लिंगपुराणांत तिच्या पतीचें नांव दुःसह असें दिलें आहे. त्यालाही हिच्याबरोबर संसार करणें कठीण गेलें. अखेरीस एका जलाशयाच्या कांठीं तिला बसवून तो पाताळांत निघून गेला. तेथें विष्णूची व तिची भेट झाली. तिनें आपल्या उदरनिर्वाहाचा प्रश्न पुढें मांडला, तेव्हां स्त्रियांनीं तिला नेहमीं बलि अर्पण करावा, अशी व्यवस्था लावून दिली गेली. दोन्ही कथांत पति तिला टाकून जातो आणि दोन्ही कथांत देव मात्र तिला टाकीत नाहीं, ही खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां तिच्या मूर्तीकडे वळूं. टी. ए. गोपीनाथ राव यांनीं १९१४ ते १९१६ या काळांत प्रसिद्ध केलेल्या हिंदु मूर्तिशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत तिच्या मूर्तींचें सविस्तर वर्णन केलें आहे. ही देवी दोन हातांची असते. ती आसनावर दोन्ही पाय खालीं सोडून बसलेली असते. पोट मोठें, स्तन लोंबते, ओठ जाड व नाक उंच. एका हातांत कमळ असतें व दुसरा हात आसनावर किंवा मांडीवर टेकलेला असतो. तिच्या एका बाजूस बैलाच्या तोंडाचा पुत्र व दुसऱ्या बाजूस तरुण कन्या असते. तिच्या ध्वजावर कावळा असतो, वाहन गाढव असतें आणि केरसुणी हें तिचें चिन्ह होय. मात्र बौधायनांच्या गृह्यसूत्राच्या परिशिष्टांत जो ‘ज्येष्ठाकल्प’ म्हणजे तिच्या पूजेचा विधि आहे, त्यांत तिचें वैभव निराळेंच दिसतें. तेथें तिच्या रथास सिंह जोडलेले असून मागून वाघ चालत येतात.

अलक्ष्मी हें नांव ऐकून कोणास वाटेल कीं, ही मूर्ति विक्राळ असेल, दांत विचकीत असेल, गळ्यांत कवट्या असतील. यांतील कांहींही तिच्या ठायीं नाहीं. ती स्वस्थ बसलेली आहे. बाळंतपणें झालेल्या, वय उतरलेल्या, स्थूल झालेल्या प्रौढ बाईसारखी ती दिसते. दोन्हींकडे मुलें आहेत, हातीं फूल आहे. शिल्पकारानें तिला भयंकर केलें नाहीं. केवळ सुंदर केलें नाहीं एवढेंच.

तिच्या मूर्ति विशेषेंकरून दक्षिणेंत सांपडतात. इ. स. च्या आठव्या शतकाच्या आरंभीं पल्लव राजा राजसिंह यानें कांचीपुरास कैलासनाथाचें जें प्रसिद्ध देवालय बांधिलें, त्यांत ज्येष्ठेची मूर्ति आहे. मदुरेजवळ तिरुप्परंकुण्ड्रम् येथें डोंगरांत कोरलेलें एक लेणें आहे. तेथील शिलालेखांत कलियुगाचें ३८७४ वें वर्ष, म्हणजे इ. स. ७७३, हा काळ आलेला आहे. पांड्य राजाच्या पदरचा सात्तन् गणपति नांवाचा अधिकारी होता. त्यानें तेथें जीर्णोद्धार केला, आणि त्याची पत्नी नक्कन् कोर्री हिनें दुर्गेचें व ज्येष्ठेचें स्थान करविलें, असें त्या लेखावरून समजतें. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नीनें आपल्या नांवें कोरून ठेवावयाच्या पुण्यकर्मांत दुर्गेच्या शेजारीं ज्येष्ठेस स्थान दिलें, यावरून त्या काळीं ही देवी तिरस्करणीय मानली जात नव्हती हें उघड दिसतें. पुढें चोल राजा राजराज याच्या तंजावरच्या शिलालेखांत गांवोगांवच्या करमुक्त जमिनींची मोजदाद आहे, तींतही ‘शेट्टै’ म्हणजे ज्येष्ठा हिच्या देवळांचा उल्लेख येतो.

परंतु दिवस पालटले. तोंडरडिप्पोडि नांवाचे वैष्णव आळवार होऊन गेले. धनाच्या आशेनें ज्येष्ठेच्या दारीं ताटकळणाऱ्या लोकांस त्यांनीं आपल्या ‘तिरुमालै’ या काव्यांत दोष दिला आहे. भक्तिपंथाचा जोर वाढला तसतशी तिची पूजा मागें पडली. सुमारें दहाव्या शतकानंतर तिच्या नव्या मूर्ति विरळ होत गेल्या, आणि जुन्यांपैकीं कित्येक देवळांच्या आवारांत कोपऱ्यांत पूजेवांचून पडून राहिल्या. जिला पूर्वीं लोक भीत व म्हणून भजत, तिला पुढें ते केवळ भीतच राहिले.

मग ती खरोखर नाहींशी झाली काय? आपल्या महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर तसें म्हणवत नाहीं. आश्विन अमावास्येची रात्र घ्या. त्या दिवशीं आपण लक्ष्मीपूजन करितों. मध्यरात्रीनंतर स्त्रियांनीं सूप व डिंडिम वाजवून घरांतील अलक्ष्मीस अंगणाबाहेर घालवावें, असें धर्मग्रंथांत सांगितलें आहे. परंतु त्याच दिवशीं बाजारांतून नवी केरसुणी आणावयाची, तिला हळदकुंकू वाहावयाचें आणि तिलाच ‘लक्ष्मी’ म्हणावयाचें, अशी आपली चाल आहे. केरसुणीला पाय लागला तर मुलें अजूनही नमस्कार करितात. आतां केरसुणी हें चिन्ह मूर्तिशास्त्राप्रमाणें कोणाचें? थोरलीचें! जिला वाजतगाजत दाराबाहेर काढावयाचें, तिच्याच हातांतील वस्तु घरांत आणून तिची लक्ष्मी म्हणून पूजा व्हावी, हा योग मोठा मौजेचा आहे. केर काढल्यावांचून घरांत लक्ष्मी येत नाहीं, ही साधी गोष्ट आपल्या आज्यांस ठाऊक होती. आणि केर काढणारी कोण, तर घरांतली थोरली.

ज्येष्ठेचें गाढव व केरसुणी हीं दोन्ही दुसऱ्या एका देवीच्याही ठायीं आढळतात. ती म्हणजे शीतळादेवी. मुंबईस माहीम येथें तिचें देऊळ प्रसिद्ध आहे. गाढवावर बसलेली, हातीं केरसुणी व मस्तकीं सूप धारण केलेली ही देवी पूर्वीं देवीच्या रोगाची स्वामिनी मानली जात असे. हा रोग १९८० सालीं जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. परंतु शीतळेची पूजा थांबली नाहीं. भीति गेली तरी आईपण उरलें.

शेवटीं पुन्हा गौरींकडे येऊं. आपल्या गौरी व दक्षिणेंतील ज्येष्ठा एकच होत, असें म्हणण्यास पुरेसा आधार नाहीं; कारण गौरी हें पार्वतीचें नांव असून व्रताचें नांव नक्षत्रावरून पडलें आहे. तरीही कांहीं साम्यें मनांत भरतात. आपल्याकडे बहुतेक घरीं गौरी एक नसून दोन असतात, एक ज्येष्ठा व दुसरी कनिष्ठा, आणि त्या बहिणी मानल्या जातात. विदर्भ-मराठवाड्यांत त्यांस महालक्ष्मी म्हणतात व त्यांच्यापुढें त्यांचीं बाळें, एक मुलगा व एक मुलगी, मांडतात. कोणाकडे नदीकांठचे खडे आणून पूजितात, कोणाकडे तेरड्याचीं रोपें, तर कोणाकडे उतरंडीवर मुखवटे बसवून त्यांस लुगडीं नेसवितात. पहिल्या दिवशीं साधी भाजी-भाकरी व दुसऱ्या दिवशीं पुरणावरणाचा थाट असतो. पण कोणतीही रीत असली तरी ज्या घरीं दोघी येतात, तेथें थोरलीला दाराबाहेर ठेवून धाकटीला आंत घेत नाहींत. दोघींचीं पावलें एकाच उंबऱ्यावरून उमटतात. पद्मपुराणांतील वर आपण वाचला, प्रतिवर्षीं ज्येष्ठेची पूजा करणाऱ्याच्या घरीं कनिष्ठा स्थिर राहते. त्या वराचा आशय आपल्या घरांत न वाचतांच पाळला जात आहे, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

ज्येष्ठेनें कोणत्या घरांत शिरावें, याची एक यादी लिंगपुराणांत मार्कंडेय ऋषि दुःसहास सांगतात. जेथें नवराबायकोंत नित्य कलह आहे, जेथें अस्वच्छता आहे, तेथें तुम्हीं खुशाल राहावें, असें ते म्हणतात. त्या यादींतील एक वाक्य विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लहान मुलें तोंडाकडे पाहत असतां त्यांस न देतां जेथें वडील माणसें खातात, त्या घरांत तूं बायकोसह आनंदानें प्रवेश कर, असा त्याचा आशय आहे. शकुन-अपशकुनांच्या पलीकडे गेलेला हा विचार आहे. अलक्ष्मी कोठून बाहेरून येत नाहीं. आपल्या वागणुकीनेंच आपण तिला आमंत्रण देतों. मग ज्याचा दोष त्याच्या पदरीं न घालतां एखाद्या सुनेच्या पायगुणास नांवें ठेवावीं, लग्न न जमलेल्या थोरल्या मुलीस अवदसा म्हणावें, नवऱ्यानें टाकलेल्या बाईचें दर्शन अशुभ मानावें, हा कोणता न्याय? पिंपळाखालीं रडत बसलेली ज्येष्ठा अशाच बायांपैकीं एक होती. आणि तिचें रडणें पहिल्यानें जिनें ऐकलें ती स्वतः लक्ष्मी होती.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या भाद्रपदांत तुमच्या किंवा तुमच्या शेजाऱ्यांच्या घरीं गौरी आल्या म्हणजे त्या दोन मुखवट्यांकडे जरा निरखून पाहा. त्यांतील थोरली कोणती व धाकटी कोणती, हें सहसा ओळखूं येत नाहीं. दोघींस सारखेंच लुगडें, सारखाच दागिना व सारखाच नैवेद्य असतो. घरांतील माणसांविषयींही आपण एवढें सांभाळलें, तर अक्काबाईच्या फेऱ्याची भीति बाळगण्याचें कारण उरणार नाहीं.