गाडीतली उष्णता जाते कुठे?

मुलांनो, मे महिन्याची दुपार. मिरज स्टेशनबाहेर एक मोटार उभी आहे. इंजिन सुरू, काचा बंद, एसी चालू. आणि गाडीखाली पाणी टपकतंय! हे पाणी आलं कुठून? चला, शोधून काढू.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. इंजेक्शनआधी सिस्टर दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, तेव्हा गार लागतं ना? स्पिरिटची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते तुमच्या कातडीतून घेतं. वाफेचा पुन्हा द्रव झाला, की तीच उष्णता बाहेर पडते. एसीची सारी करामत एवढीच, बरं का!

बऱ्याच गाड्यांच्या एसीत आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो! डॅशबोर्डमागच्या नळ्यांच्या जाळीत, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, त्याची वाफ होते. पंखा गाडीतली हवा या नळ्यांवरून फिरवतो. हवेतली उष्णता नळ्यांत जाते, हवा गार होते. शिवाय थंडगार तांब्याबाहेर जमतात तसे हवेतल्या बाष्पाचे थेंब नळ्यांवर जमतात. गाडीखाली टपकतं ते हेच पाणी!

पण उष्णता गरम वस्तूकडूनच गार वस्तूकडे जाते. मग ती बाहेरच्या तापलेल्या हवेत टाकायची कशी? कॉम्प्रेसर वाफ जोरात दाबतो. सायकलला हवा भरताना पंप तापतो ना? तशीच ही वाफ बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते. मग गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता बाहेर टाकते आणि तिचा द्रव होतो. बारीक छिद्रातून जाताना त्याचा दाब उतरतो, तो गार होतो आणि पुन्हा आत निघतो.

दोन्ही जाळ्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. चहा बशीत ओतला, की लवकर निवतो. का? पसरला म्हणून! पट्ट्यांमुळेही हवेला भिडणारी जागा वाढते.

आता महत्त्वाचं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत कॉम्प्रेसर सहसा इंजिनावरच फिरतो. इंजिन बंद, की एसीचं गार करणं बंद. उन्हातली बंद गाडी मग भट्टीसारखी तापते, कारण उष्णता आत येत राहते आणि बाहेर नेणारं कुणीच नसतं. काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. म्हणून खेळतानासुद्धा बंद गाडीत लपू नका. आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणत मोठी माणसं धाकट्याला आत ठेवून निघाली, तर त्यांना थांबवा. कारण आता तुम्हाला माहीत आहे!