समाजवादी राज्यातील घराणेशाही आणि लोकशाहीचा दावा : उत्तर कोरियाच्या संदर्भात

प्रस्तावना :

उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाही, जनता आणि प्रजासत्ताक हे तिन्ही शब्द एकत्र आढळतात. ९ सप्टेंबर १९४८ रोजी स्थापन झालेल्या या राज्याचे नेतृत्व मात्र किम इल सुंग, त्यांचे पुत्र किम जोंग इल आणि नातू किम जोंग उन असे एकाच घराण्यात फिरत राहिले. नाव आणि वास्तव यांतील ही विसंगती दाखवून देणे सोपे आहे व बहुतेक विवेचन तेथेच थांबते. परंतु ज्या राजवटीला वंशपरंपराच चालवावयाची आहे, तिने सरळ राजेशाही का घोषित केली नाही, राज्यघटना, निवडणूक आणि विधिमंडळ यांची तिला गरज का भासली, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

वैचारिक अडचण :

वारसाहक्क ही कल्पना मार्क्सवादाला मुळातच परकी आहे. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात सुचविलेल्या दहा उपायांमध्ये वारसाहक्क रद्द करण्याचा समावेश होता. खुद्द उत्तर कोरियात १९७० साली प्रसिद्ध झालेल्या राजकीय संज्ञांच्या कोशात वंशपरंपरागत उत्तराधिकाराची संभावना शोषक समाजातील प्रतिगामी प्रथा अशी करण्यात आली होती. १९७२ च्या आवृत्तीतून ही नोंद वगळण्यात आली. एखाद्या राज्याचा वैचारिक प्रवास कोशातील एका गाळलेल्या नोंदीवरून इतका स्पष्ट व्हावा, असे क्वचितच घडते.

या बदलामागे केवळ पुत्रप्रेम होते असे मानता येत नाही. १९५६ मध्ये ख्रुश्चॉव्ह यांनी दिवंगत स्टालिनवर दोषारोप केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किम इल सुंग यांच्यावरही पक्षांतर्गत टीका झाली आणि टीकाकारांचा पुढे बंदोबस्त करण्यात आला. चीनमध्ये माओ यांचे घोषित उत्तराधिकारी लिन बिआओ यांचा १९७१ मध्ये संशयास्पद परिस्थितीत शेवट झाला. एकपक्षीय राज्यात सत्तांतराचा कोणताही सर्वमान्य नियम नसतो. त्यामुळे आपल्या पश्चात आपली निंदा न करणारा वारस कोण, या प्रश्नाचे उत्तर किम इल सुंग यांनी कुटुंबात शोधले. तेथेही निवड आपोआप झाली नाही. एके काळी संभाव्य वारस मानले जाणारे त्यांचे धाकटे बंधू किम योंग जू १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बाजूला पडले.

पदे आणि प्रक्रिया :

उत्तर कोरियात कोणतेही पद कायद्याने वंशपरंपरागत नाही. प्रत्येक टप्प्यावर कोणती ना कोणती संस्था ‘निवड’ करते. १९७४ मध्ये पक्षांतर्गत वारस म्हणून मान्य झालेले किम जोंग इल ऑक्टोबर १९८० च्या सहाव्या पक्ष अधिवेशनात प्रथमच जाहीरपणे सर्वोच्च नेतृत्वात दाखल झाले. १९९१ मध्ये सरसेनापती, १९९३ मध्ये राष्ट्रीय संरक्षण आयोगाचे अध्यक्ष आणि पित्याच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, पक्षाचे सरचिटणीस हा त्यांचा पुढील क्रम होता. किम जोंग उन यांना एवढी सवड मिळाली नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ते पक्षाच्या केंद्रीय लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि डिसेंबर २०११ मध्ये पित्याचे निधन झाले. मधले अंतर जेमतेम पंधरा महिन्यांचे होते. तरीही पदे एकेक करून, रीतसर ठरावांनीच त्यांच्याकडे आली.

१९९८ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षपद रद्द करून १९९४ मध्ये निवर्तलेले किम इल सुंग यांना ‘चिरंतन राष्ट्राध्यक्ष’ ठरविले. २०१२ मध्ये किम जोंग इल पक्षाचे ‘चिरंतन सरचिटणीस’ झाले. पुत्राने पित्याचे पद न घेता ते त्याच्याच नावे राखून ठेवावे, ही युक्ती लक्षणीय आहे. तिच्यामुळे वारसा सांगताही येतो आणि पद वारशाने मिळाले असे म्हणण्याची वेळही येत नाही.

निवडणुकीचे कार्य :

१९७२ च्या राज्यघटनेने सार्वत्रिक, समान, प्रत्यक्ष व गुप्त मतदानाची तरतूद केली. मतदानाचे वय १७ वर्षे आहे. व्यवहारात सर्वोच्च जनसभेच्या प्रत्येक मतदारसंघात एकच उमेदवार असे. मतपत्रिका तशीच पेटीत टाकणे म्हणजे संमती, तर विरोधासाठी नाव खोडावे लागे. नाव खोडण्यासाठी जो थांबेल तो सर्वांच्या नजरेत येईल, हे उघड आहे. २०१४ मध्ये किम जोंग उन पेक्तू पर्वताच्या नावे असलेल्या १११ क्रमांकाच्या मतदारसंघातून १०० टक्के मतदान व १०० टक्के मतांनी निवडून आल्याचे जाहीर झाले. देश सोडून गेलेल्यांच्या कथनांनुसार या दिवशी गैरहजर कोण आहे, याचीही पडताळणी होते. अशा रीतीने निवडणूक ही निष्ठेची नोंद आणि जनगणना अशी दोन्ही कामे करते. नोव्हेंबर २०२३ च्या स्थानिक निवडणुकीत प्रांतिक प्रतिनिधींच्या विरोधात ०.०९ टक्के मते पडल्याचे सरकारी वृत्तसंस्थेने सांगितले. येथे आकड्याच्या खरेपणापेक्षा विरोधी मत पडू शकते हे दाखविण्याची इच्छा अधिक बोलकी ठरते.

दुसरी संहिता :

घटनेच्या समांतर आणखी एक संहिता कार्यरत आहे. १९७४ मध्ये किम जोंग इल यांनी मांडलेली ‘दहा तत्त्वे’ नागरिकांना पाठ करावी लागतात आणि नियमित आत्मपरीक्षणाच्या बैठकांत प्रत्येकाच्या वर्तनाचे मोजमाप त्यांवरच होते. नेत्याने आरंभिलेले क्रांतिकार्य पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेण्याची जबाबदारी दहाव्या तत्त्वाने घातली. २०१३ च्या सुधारणेत ‘पेक्तू रक्तवंशा’चा स्पष्ट उल्लेख आला. पेक्तू हा जपानविरोधी गनिमी लढ्याशी जोडलेला पर्वत असून किम जोंग इल यांचा जन्म तेथील गुप्त तळावर १९४२ मध्ये झाला असे अधिकृत चरित्र सांगते. सोव्हिएत नोंदी मात्र १९४१ मध्ये खाबारोव्स्कजवळील एका गावाकडे निर्देश करतात. जी गोष्ट घटनेत लिहिता येत नाही ती या संहितेत लिहिली गेली. तुलनात्मक शासनपद्धतीच्या अध्यापनात केवळ घटनेची कलमे वाचल्यास हा भाग निसटतो.

हीच गरज अन्यत्रही दिसते. सीरियाच्या १९७३ च्या घटनेने राज्याला लोकशाहीवादी व समाजवादी म्हटले होते. जून २००० मध्ये हाफिज असद यांचे निधन होताच संसदेने राष्ट्राध्यक्षपदाची किमान वयोमर्यादा ४० वरून ३४ वर आणली. बशार असद तेव्हा ३४ वर्षांचेच होते. पाठोपाठ झालेल्या सार्वमतात त्यांना ९७ टक्क्यांहून अधिक मते मिळाल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती राजवट कोसळली. रुमानियात चाउशेस्कू दांपत्याने पुत्र निकू यास पुढे आणले खरे, परंतु १९८९ च्या उठावाने तो प्रश्नच निकालात निघाला. क्यूबाचे उदाहरण या मालिकेत सरसकट बसविणे योग्य नाही. राउल कास्त्रो हे बंधू असले तरी क्रांतीतील सहकारी होते आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपद व २०२१ मध्ये पक्षाचे नेतृत्व त्यांच्याकडून कुटुंबाबाहेरील दियाझ-कानेल यांच्याकडे गेले.

उत्तर कोरियात २०१९ च्या निवडणुकीत किम जोंग उन उमेदवारच नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या घटनादुरुस्तीने राज्य व्यवहार आयोगाचा अध्यक्ष समस्त जनतेच्या इच्छेने निवडला जातो, मात्र तो जनसभेचा प्रतिनिधी म्हणून निवडला जाणार नाही, अशी तरतूद केली. त्यानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, क्षेपणास्त्र चाचणीच्या स्थळी पित्याचा हात धरून उभ्या असलेल्या त्यांच्या कन्येची छायाचित्रे सरकारी माध्यमांनी प्रसिद्ध केली. त्या वृत्तात तिचे नाव वा पद यांपैकी काहीच दिलेले नव्हते.