मोटिव्ह कुठे मोजतात?

सिंगापूरच्या नोव्हेना भागात न्यूटन रोडवर ‘रेव्हेन्यू हाउस’ आहे. देशाचे आयकर खाते तिथे बसते. गुप्तहेरकथांनी ‘मोटिव्ह’ हा शब्द आपल्या मनात खुनाला चिकटवला असला, तरी त्याचा खरा कस करप्रकरणांत लागतो. इंटेन्शन म्हणजे काय करायचे ते ठरवणे. मोटिव्ह म्हणजे ते करावेसे का वाटले. सिंगापूरच्या आयकर कायद्याचे कलम ३३ कर टाळण्यासाठी रचलेले व्यवहार मोडीत काढते. ‘एक्यूक्यू’ प्रकरणात २०१४ साली अपील न्यायालयाने आधी व्यवहाराचा रोख बाहेरून पाहिला आणि मग, त्याच कलमातल्या अपवादाचा लाभ द्यावा का हे ठरवताना, करदात्याचे मोटिव्ह विचारात घेतले. कागदावर रोखे आणि व्याजाचा थाट होता. पैसा मात्र गोल फिरून निघाला तिथेच परतला होता.

दुसऱ्याच्या मनातले कुणाला कळणार, हा आक्षेप रास्त वाटतो. पण मन वाचायचे नसतेच, माग काढायचा असतो. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ८ मधलेच उदाहरण घ्या: आरोपीने पूर्वी केलेला खून मृताला ठाऊक होता आणि मृत माणूस आरोपीला धमकावून पैसे उकळू पाहत होता, ही माहिती पुराव्यात येई. तेवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. उलट प्रत्यक्षदर्शी पुरावा भक्कम असेल, तर मोटिव्ह न सापडल्यानेही खटला कोसळत नाही.